संयुक्त ध्वनिमुद्रिकेचे मूल्यमापन आणि नामगत अपेक्षा : ‘राम श्याम गुणगान’च्या संदर्भात

प्रास्ताविक

दोन किंवा अधिक ख्यातकीर्त कलावंत एका ध्वनिमुद्रिकेसाठी एकत्र येतात, तेव्हा ती ऐकली जाण्यापूर्वीच तिच्याविषयीचे मत तयार झालेले असते. हे मत बेरजेचे असते. एक थोर आणि दुसरा थोर मिळून दुप्पट थोर काहीतरी निर्माण होणार, असे श्रोता गृहीत धरतो. प्रत्यक्षात हाती येते ते चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे संगीत. मग दोनच प्रकारचे उद्गार ऐकू येतात. ‘एवढी माणसे एकत्र येऊन एवढेच?’ हा एक आणि ‘ही माणसे आहेत म्हणजे श्रेष्ठच असणार’ हा दुसरा. पहिल्यात निराशा आहे, दुसऱ्यात भक्ती आहे; प्रत्यक्ष ऐकणे मात्र दोन्हींत नाही.

१९८५ साली ‘राम श्याम गुणगान’ ही भक्तिगीतांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. गायक पंडित भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर. संगीतकार श्रीनिवास खळे. यातील प्रसिद्ध द्वंद्वगीतांचे शब्द पंडित नरेंद्र शर्मा यांचे. ख्यालगायन आणि सुगम गायन या दोन क्षेत्रांत ज्यांच्यापुढे नाव घेता येणार नाही असे दोन आवाज एकाच तबकडीवर आले होते. अशा ध्वनिमुद्रिकेचे मूल्यमापन नावांच्या दडपणातून मुक्त होऊन कसे करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी आधी काही मागील उदाहरणे पाहावी लागतात. त्यांपैकी एक बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर गावाशी निगडित आहे.

संयुक्त प्रयोगाची परंपरा

पाश्चात्त्य रॉक संगीतात अशा मंडळींना ‘सुपरग्रुप’ म्हणतात. आधीच्या वाद्यवृंदांत नाव मिळवलेले कलावंत नवा वृंद स्थापन करतात, तो सुपरग्रुप. ही संज्ञा १९६० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. परंतु संज्ञा परकी असली तरी वस्तू महाराष्ट्राला परकी नाही. मराठी रंगभूमीने त्याआधी जवळजवळ अर्धे शतक ‘संयुक्त’ हा शब्द याच अर्थाने वापरला होता.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९११ पासून रंगभूमीवर गाजत होते आणि त्यातील पदांना गोविंदराव टेंबे यांच्या चाली होत्या. या प्रयोगात गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर झाले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन नायक प्रथमच समोरासमोर उभे राहत होते. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत चढला. ज्या काळी अनेक शिक्षकांचा महिन्याचा पगारही तेवढा नसे, त्या काळातील ही रक्कम आहे.

या प्रयोगाविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्यातील बराचसा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो : त्या रात्री कोण वरचढ ठरले? हा प्रश्न कुस्तीच्या फडाला साजेसा आहे. नाटकाच्या परीक्षणात तो कसा आला, याचे कारण अपेक्षेत आहे. प्रेक्षक ‘मानापमान’ पाहायला गेलाच नव्हता. तो दोन नावे पाहायला गेला होता. भामिनी आणि धैर्यधर यांच्यातील मानापमानाच्या कथेला दोन मंडळ्यांच्या मानापमानाने झाकून टाकले. पुढे तीन महिने होण्याच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी निधन झाले आणि प्रयोगाची आख्यायिका पूर्ण झाली. दोघांच्या स्वतंत्र तबकड्या उपलब्ध आहेत. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही. त्यामुळे ‘संयुक्त मानापमान’ या कलाकृतीचे मूल्यमापन आज कोणालाही करता येत नाही. करता येतो तो त्याभोवतीच्या अपेक्षेचा अभ्यास.

ध्वनिमुद्रिकेचे तसे नाही. ती पुन्हा ऐकता येते. श्रोत्याला आपले मत पन्नास वर्षांनंतरही तपासून घेण्याची सोय तिच्यात आहे. विस्मयाची गोष्ट अशी की ही सोय असूनही ती फारशी वापरली जात नाही.

लंडनच्या ‘ब्लाइंड फेथ’ या वृंदाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. ‘क्रीम’ हा वृंद १९६८ साली विसर्जित झाल्यावर त्यातील एरिक क्लॅप्टन आणि जिंजर बेकर यांनी ‘ट्रॅफिक’ या वृंदाच्या स्टीव्ह विनवुडबरोबर १९६९ मध्ये हा वृंद उभा केला; रिक ग्रेच हा चौथा. पहिलाच जाहीर कार्यक्रम ७ जून १९६९ रोजी हाइड पार्कमध्ये झाला आणि त्याला सुमारे एक लाख श्रोते लोटले. ऑगस्टमध्ये तबकडी आली, ती ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि वर्ष संपण्यापूर्वी वृंद मोडलाही. तबकडीवर गाणी केवळ सहा होती. एवढ्या सामग्रीवर पूर्ण कार्यक्रम होत नसल्यामुळे दौऱ्यात जुन्या वृंदांची गाणी घ्यावी लागली आणि श्रोत्यांनाही तीच हवी होती. म्हणजे येथे अपेक्षेने केवळ मूल्यमापन बिघडवले असे नव्हे. ती संगीतातच शिरली. तबकडीत काही संथ, अंतर्मुख गाणी आहेत. ती एखाद्या अनोळखी वृंदाने गायली असती तर कदाचित अधिक लक्षपूर्वक ऐकली गेली असती.

मेहकरची कविता आणि अनोळखीपणाचा लाभ

अनोळखीपणाचा असा लाभ मिळालेली एक तबकडी मराठीत आहे आणि तिचा उगम मेहकरात आहे. कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनी आपले आयुष्य मेहकरात काढले. व्यवसायाने ते वकील होते. त्यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांनी गायली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी एचएमव्हीने तिची तबकडी काढली. मराठी भावगीताच्या इतिहासाचा आरंभ सांगताना या तबकडीचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. देशपांडे यांचा ‘शीळ’ हा संग्रह मात्र १९५४ साली, म्हणजे तबकडीनंतर दोन दशकांनी, प्रसिद्ध झाला; साहित्य अकादमीचा पुरस्कार तर १९८६ साली ‘खूणगाठी’ या संग्रहाला मिळाला.

तबकडी निघाली त्या वेळी कवीच्या नावावर संग्रह नव्हता आणि गायक नवखा होता. ‘भावगीत’ हा गीतप्रकार देखील अजून स्थिर झालेला नव्हता. तोवर तबकडीवर प्रामुख्याने नाट्यपदे आणि रागदारी चिजा असत. श्रोत्याच्या मनात कोणत्याही नावाची अपेक्षा नव्हती. सुमारे तीन मिनिटांच्या त्या गाण्यात शब्द आणि स्वर यांचे जे नाते जुळले होते, तेवढ्याच बळावर ती तबकडी घरोघर पोचली. नावांच्या अभावी ऐकणे कसे होते, याचा हा जणू निर्मळ प्रयोगच म्हणावा लागेल. विदर्भाच्या एका तालुक्याच्या गावातील कविता मराठी गीताला नवी दिशा देते, याचे श्रेय काही अंशी तरी श्रोत्यांच्या कोऱ्या पाटीला द्यावे लागते.

हेच गो. ना. जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाच्या कामावर अधिकारी झाले. आपल्या आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहिल्या आहेत. त्यांच्या निर्मितीखाली १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही दीर्घवादन तबकडी निघाली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्याच्या साथीला माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांच्या समयचक्रातून उलगडावा, अशी तिची कल्पना होती. त्यामुळे आरंभी अहीर भैरव आणि नट भैरव येतात, पुढे पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी.

आज ही नावे वाचणारा तिला दिग्गजांची तबकडी म्हणतो. वस्तुस्थिती अशी की १९६७ साली शर्मा आणि चौरसिया अजून तिशीच्या आतील होते आणि काब्रा त्यांच्याहून फार मोठे नव्हते. संतूर आणि गिटार ही दोन्ही वाद्ये रागसंगीतात आपले स्थान मिळवण्यासाठी झगडत होती. चौरसियांना २००० साली आणि शर्मांना २००१ साली पद्मविभूषण मिळाले, तोवर तबकडीला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. म्हणजे येथे अपेक्षा नंतर निर्माण झाली आणि मागे जाऊन तबकडीवर चढली. आजचा विद्यार्थी प्रौढ चौरसियांची बैठक ऐकून या तबकडीकडे वळला, तर त्याला रागविस्तार तोकडा वाटण्याचा संभव आहे. साहजिकच आहे. साऱ्या तबकडीचा अवधी सुमारे चाळीस मिनिटांचा आणि त्यात इतके राग. अहीर भैरवला थोडी ऐसपैस जागा मिळाली आहे. बाकीचे राग सात-आठ मिनिटांत आवरले जातात. परंतु तबकडीची कल्पनाच मुळी रागविस्ताराची नव्हती. दिवसाच्या प्रहरांची चित्रे एकामागून एक यावीत आणि तीन भिन्न नादगुण असलेली वाद्ये त्यांत आळीपाळीने पुढे-मागे व्हावीत, एवढेच तिला साधायचे होते. त्या मापाने पाहिल्यास संतूरचा तुटक, थेंबासारखा नाद आणि गिटारची लांबवलेली मींड यांच्यामधली पोकळी बासरी ज्या रीतीने भरते, ते आजही अभ्यासण्यासारखे आहे.

दोन प्रकारच्या अपेक्षा

योगायोग असा की त्याच १९६७ साली जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठात हान्स रॉबर्ट याउस यांनी आपल्या व्याख्यानात ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. मराठी समीक्षेला ती आता परिचित आहे. वाचक साहित्यकृतीकडे रिकाम्या मनाने येत नाही. वाङ्मयप्रकाराचे संकेत, आधीच्या कृतींचा परिचय आणि व्यवहारभाषा व काव्यभाषा यांतील भेदाची जाण घेऊन येतो, असे याउस म्हणतात. नवी कृती हे क्षितिज कुठे पाळते आणि कुठे ओलांडते, यावर तिचे कलात्मक स्वरूप बऱ्याच अंशी अवलंबून असते.

ही संकल्पना संयुक्त ध्वनिमुद्रिकेला जशीच्या तशी लावता येईल का? येथे एक भेद करणे आवश्यक वाटते. याउस यांच्या विवेचनातील अपेक्षा मुख्यतः प्रकाराशी निगडित आहे. तिला जातिगत अपेक्षा म्हणता येईल. भजन म्हटले की ध्रुपद वारंवार यावे, शब्द स्पष्ट कळावेत, ठेका सोपा असावा, ऐकणाऱ्याला सोबत गुणगुणता यावे, ही जातिगत अपेक्षा. तिला निश्चित आशय आहे. ती पूर्ण झाली की नाही हे दाखवून देता येते आणि संगीतकाराने ती जाणीवपूर्वक मोडली असेल तर तेही दाखवता येते.

याउलट ‘भीमसेन आणि लता एकत्र’ या वाक्यातून निर्माण होणारी अपेक्षा नामगत आहे. तिला आशय नाही, केवळ आकारमान आहे. काय हवे ते ती सांगू शकत नाही. फक्त ‘खूप मोठे’ हवे एवढेच सांगते. म्हणून ती पूर्ण होऊच शकत नाही. पूर्ण झाली असे जो म्हणतो त्यालाही काय पूर्ण झाले ते सांगता येत नाही. नामगत अपेक्षा हा सामाजिक इतिहासाचा पुरावा आहे. तिकिटांचे दर, खप आणि जाहिराती यांच्या अभ्यासात तिला स्थान द्यावेच लागेल. मूल्यमापनाच्या मोजपट्टीत मात्र तिला जागा नाही.

‘राम श्याम गुणगान’

आता मूळ ध्वनिमुद्रिकेकडे वळता येईल. १९८५ साली भीमसेन त्रेसष्ट वर्षांचे होते. किराणा घराण्याचा आलाप, बुलंद तान आणि तीन सप्तकांत फिरणारा आवाज यांच्या बळावर ख्यालगायनाच्या बैठकीत ते शिखरावर होते. लता मंगेशकर पंचावन्न ओलांडून गेल्या होत्या आणि पार्श्वगायनातील त्यांच्या स्थानाविषयी दुमत नव्हते. या दोघांच्या एकत्र येण्यातून कोणाला जुगलबंदी हवी असेल, कोणाला लताबाईंचा ख्याल ऐकण्याची सुप्त इच्छा असेल, तर कोणाला भीमसेनांची तान वाद्यवृंदाच्या पार्श्वभूमीवर हवी असेल. यांपैकी काहीही या ध्वनिमुद्रिकेने देऊ केलेले नव्हते. तिच्या नावातच तिची जात सांगितली आहे : गुणगान.

येथे खळे यांची भूमिका निर्णायक ठरते आणि नावांच्या झगमगाटात नेमकी तीच झाकली जाते. खळे यांनी दोन्ही आवाज आधी स्वतंत्रपणे हाताळले होते. लताबाईंसाठी त्यांनी तुकारामांच्या अभंगांना चाली दिल्या होत्या. मंगेश पाडगावकरांच्या ‘श्रावणात घननिळा’चे संगीत त्यांचेच. भीमसेनांच्या अभंगगायनातील कित्येक चाली राम फाटक यांच्या, तशाच काही खळे यांच्या आहेत. म्हणजे दोन थोर आवाज अकस्मात एकत्र आणले गेले असे नव्हे. ज्याला दोन्ही आवाजांची बलस्थाने आणि मर्यादा ठाऊक होत्या, अशा रचनाकाराने त्यांच्यासाठी जागा आखल्या. खळे यांची चाल वरून सोपी वाटते आणि गाऊ लागल्यावर अडवते, असा अनुभव त्यांची गाणी बसवणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला येतो. कळाध्यक्ष येथे संगीतकार आहे, गायक नव्हेत, हे एकदा मान्य केले की ऐकण्याची दिशाच बदलते.

स्त्री-पुरुष द्वंद्वगीतातील पट्टीचा प्रश्न या ठिकाणी समजून घेणे उपयुक्त ठरेल. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर पुरुष गायकाचा षड्ज साधारणतः काळी एक ते काळी दोनच्या आसपास असतो, तर स्त्री गायिकेचा काळी चार ते काळी पाचच्या आसपास. दोघांनी एकाच षड्जावरून गायचे ठरले तर कोणालातरी आपली सोय सोडावी लागते. पुरुषाची पट्टी घेतली तर गायिकेला त्याच्या एक सप्तक वर गावे लागते आणि अंतऱ्यात आवाज फार उंच चढतो. स्त्रीची पट्टी घेतली तर गायकाला एकतर खर्जात उतरावे लागते किंवा आपल्या पंचमालाच षड्ज मानून वर झेपावे लागते. पंडित जसराज यांनी ‘जसरंगी’ या प्रकारात मूर्च्छनेच्या तत्त्वाचा आधार घेऊन यातून मार्ग काढला : गायक आणि गायिका आपापल्या षड्जावरून भिन्न राग गातात आणि तरीही स्वर जुळून येतात. बैठकीत ते शक्य होते. सहा-सात मिनिटांच्या भजनात रचनाकाराला चालीचा पल्लाच आवरावा लागतो.

हा तांत्रिक मुद्दा ध्यानात घेतला की निराशेचे एक मोठे कारण नाहीसे होते. भीमसेनांच्या तीन सप्तकांतील तानेला आणि लताबाईंच्या तारसप्तकातील झेपेला एकाच चालीत एकाच वेळी पूर्ण मोकळीक देणे जवळजवळ अशक्य आहे. खळे यांनी तसा अट्टहास केलेला नाही. ‘राम का गुणगान करिये’ आणि ‘बाजे रे मुरलिया बाजे’ या दोन द्वंद्वगीतांत आवाज आळीपाळीने येतात. चाल तीच असली तरी प्रत्येक आवाज तिला आपल्या वळणाने घेतो. भीमसेनांकडे ओळ आली की स्वराला वजन येते, शब्दाच्या शेवटी स्वर किंचित रेंगाळतो आणि एखादी लहानशी हरकत तानेची आठवण करून देऊन थांबते. तीच चाल लताबाईंकडे गेली की रेषा बारीक आणि अखंड होते. स्वर ठेवण्याच्या जागा सुईच्या टोकाने नेमाव्यात तशा नेमलेल्या वाटतात. श्रोत्याला मिळते ते एकाच चालीचे दोन पाठ. सूक्ष्मपणे ऐकणाऱ्याला घराणेदार गायकीतला स्वरलगाव आणि ध्वनिक्षेपकासमोर घडलेला स्वरलगाव यांतील भेद शिकवणारी इतकी सोयीची सामग्री दुसरीकडे क्वचितच मिळेल.

याचा अर्थ ध्वनिमुद्रिका निर्दोष आहे असा नाही. आवाज शेजारी-शेजारी उभे राहतात, परंतु एकमेकांत फारसे गुंतत नाहीत. एकाने घेतलेल्या जागेला दुसऱ्याने उत्तर द्यावे, त्या उत्तरातून चाल पुढे सरकावी, असा संवाद येथे अल्प आहे. ज्या संवादाची शक्यता पट्टीच्या अडचणीतही उरते, ती रचनेने पुरती वापरलेली नाही, असे म्हणता येते. संयम हा या ध्वनिमुद्रिकेचा गुण आहे खरा. काही ठिकाणी तो अदबीच्या सीमेवर जातो. दोघेही परस्परांना जागा देण्यात इतके दक्ष आहेत की कोणी कोणाला आव्हान देत नाही. हा आक्षेप आणि ‘एवढेच?’ हा उद्गार यांत मूलभूत अंतर आहे. पहिला रचनेतील एका विशिष्ट गोष्टीकडे बोट दाखवतो आणि त्याचे खंडनही करता येते. दुसऱ्याचे खंडन करता येत नाही, कारण त्याने काही विधानच केलेले नसते.

कॅसेट आणि यात्रा

ही ध्वनिमुद्रिका निघाली तो काळ कॅसेटच्या प्रसाराचा होता. ग्रामोफोन ज्या घरांत कधी पोचला नाही, तेथे कॅसेट प्लेअर पोचला आणि भक्तिगीतांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला. शेगाव किंवा देऊळगाव राजासारख्या तीर्थस्थानी, यात्रेच्या गर्दीत, मंदिराच्या वाटेवरील दुकानांत भजने ध्वनिक्षेपकावरून कानी पडत राहतात. प्रसादाच्या पिशव्या सांभाळत जाणाऱ्या माणसाच्या हाती वेष्टन नसते. गायक कोण, संगीतकार कोण, हे त्याला ठाऊक नसते किंवा त्याची त्याला गरज नसते. एखादी ओळ कानात राहते आणि गावी पोचेपर्यंत तोंडात बसते. असा श्रोता नामगत अपेक्षेपासून सर्वस्वी मुक्त असतो आणि जातिगत अपेक्षेच्या दृष्टीने मात्र तो अत्यंत काटेकोर परीक्षक असतो : जे भजन तोंडात बसत नाही, ते तो सोडून देतो. विद्वत्चर्चेत या श्रोत्याचे मत सहसा नोंदले जात नाही. भजनाच्या बाबतीत ते नोंदले जाणे अगत्याचे आहे, कारण भजनाची जात त्याच्याच गरजेतून घडली आहे.

तथापि हा श्रोताही पुरेसा नाही. गुणगुणता येणे ही भजनाची पहिली कसोटी असली तरी ती एकमेव नव्हे. अनेक सामान्य चालीही तोंडात बसतात. दोन आवाजांच्या स्वरलगावातील भेद टिपण्यासाठी ध्वनिक्षेपकाचा गोंगाट उपयोगी नाही, शांत खोली लागते. येथे महाविद्यालयीन अध्यापकाचे काम सुरू होते.

नावे झाकता येतात काय?

साहित्याच्या वर्गात कवीचे नाव न सांगता कविता वाचायला देण्याची पद्धत जुनी आहे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी हा प्रयोग केला आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात त्याचे निष्कर्ष मांडले. संगीताच्या बाबतीत ही पद्धत अर्धवटच चालते. कवितेवरचे नाव पुसता येते. आवाजावरचे पुसता येत नाही. भीमसेनांचा पहिला स्वर लागताच श्रोता त्यांना ओळखतो. आवाज हेच तेथे नाव असते.

मृत्यू तर आवाजावर आणखी एक नाव चढवतो. ‘शक्ती’ या वृंदाची ‘धिस मोमेंट’ ही ध्वनिमुद्रिका २०२३ साली आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. जॉन मॅक्लॉक्लिन, झाकिर हुसेन, शंकर महादेवन, गणेश राजगोपालन आणि सेल्वागणेश ही नावेच अपेक्षा निर्माण करण्यास पुरेशी होती. डिसेंबर २०२४ मध्ये झाकिर हुसेन यांचे निधन झाल्यापासून तिच्यातील तबला ऐकताना श्रोत्याच्या मनात शोक मिसळतो. ध्वनिमुद्रणात काहीही बदललेले नाही. भीमसेन आणि खळे हे दोघेही २०११ साली गेले, लताबाई २०२२ साली. ‘राम श्याम गुणगान’ही आता त्याच स्थितीत आहे.

तेव्हा नाव झाकण्याचा प्रयत्न सोडून प्रश्न बदलणे अधिक फलदायी ठरते. ‘भीमसेन येथे किती थोर आहेत?’ याऐवजी ‘या ओळीत हा आवाज कोणते काम करतो?’ असे विचारता येते. एकच कडवे दोनदा ऐकवावे. पहिल्या वेळी विद्यार्थ्यांनी केवळ शब्दांच्या अखेरीस स्वर कोठे थांबतो ते टिपावे. दुसऱ्या वेळी ओळ एका आवाजाकडून दुसऱ्याकडे जाताना वाद्यमेळात काय बदलते ते टिपावे. वहीवर जे उतरते त्यात ‘महान’, ‘दैवी’, ‘अपेक्षाभंग’ हे शब्द सहसा येत नाहीत, कारण त्यांना जागाच उरत नाही. त्यांच्या जागी ‘येथे श्वास घेतला’, ‘येथे मींड लांबवली’, ‘येथे बासरी आली’ अशा नोंदी येतात. अशाच रीतीने ‘शीळ’ची जुनी तबकडीही ऐकवता येते. तेथे झाकावे असे नाव नाही. मेहकरच्या विद्यार्थ्यांना मात्र कवीचे नाव आधीच ठाऊक असते आणि त्यांच्यापुरती ती तबकडी आता नामगत अपेक्षेची झालेली असते.